मनगटावरचे 200 मीटर

पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या चोडण बेटावरच्या घरी तांदळाच्या डब्यात माप घातलं की कधीकधी ते घड्याळाला लागायचं. बाबांचं एचएमटी, रोज सकाळी चावी द्यावी लागणारं. बाबा बार्जवर होते. खाणीचा माल भरून मांडवी नदीतून मुरगाव बंदरात जायचं. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायचं. सगळा कारभार भरतीवर. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे बार्जवरच्या माणसाला मनगटावर घड्याळ लागायचंच.

पण दर जूनमध्ये त्या घड्याळाच्या काचेत वाफ धरायची. सहाच्या आकड्यापाशी सुरुवात, मग हळूहळू वर चढत नऊपर्यंत. आई ते पदराने पुसून तांदळात पुरायची. दोन-तीन दिवसांनी काच साफ दिसायची आणि बाबा पुन्हा ते बांधून निघायचे. तांदूळ ओल थोडीफार ओढतो, आत गेलेलं मीठ ओढत नाही. एका पावसाळ्यात चावीचा दांडा गंजून तुटला आणि ते घड्याळ कपाटात गेलं ते गेलंच.

माझं घड्याळ गेलं ते तीन वर्षांपूर्वी. नाजूक, सोनेरी कडेचं, पाठीवर पाण्याच्या दाबाचं ‘5 बार’ कोरलेलं. बॅटरी संपली म्हणून एका दुकानात दिलं. पाच मिनिटांत नवी बॅटरी घालून, मागचं झाकण अंगठ्याने दाबून परत हातात. झाकण उघडलं की आतली रबराची रिंग बदलायची असते, निदान तिला सिलिकॉनचं ग्रीस लावून नीट बसवायची असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि दुकानात कुणी ते केलं नाही. जुलैत रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत स्कूटरवर चिंब भिजले. पलीकडे चोडणला उतरेपर्यंत काचेत वाफ, सहाच्या आकड्यापाशी. तीच जागा. पोटात कालवलं. घरी येऊन मी ते तांदळात ठेवलं नाही.

त्या रात्री ठरवलं, पुढचं घड्याळ घेईन ते पाणबुड्यांचं, पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांचं, म्हणजे ज्याला सगळे डायव्ह वॉच म्हणतात ते. आणि ते कपाटात ठेवणार नाही, रोज घालणार.

मी काही पाणबुडी नाही. हायर सेकंडरीला भौतिकशास्त्र शिकवते. पण माझ्या मनगटाला दिवसभरात काय काय लागतं ते मोजून बघितलं. सकाळी बांगडे साफ करताना खवले आणि पाणी. मग भांडी. फेरीवर खारा वारा. वर्गात घाम आणि खडूची भुकटी. ऑक्टोबर ते मे रविवारी सकाळी करंजाळ्याला पोहणं. जून ते सप्टेंबर पाऊस, तो तर गोव्यात आडवाही येतो. एवढ्या सगळ्यातून घड्याळ काढ-घाल करत राहायचं म्हणजे ते कुठेतरी विसरायचं. न काढता चालेल असंच हवं होतं.

आता आकड्यांबद्दल थोडं, कारण इथे लोकांची फार गफलत होते. 10 मीटर पाणी म्हणजे साधारण 1 बार दाब. म्हणून 3 बार म्हणजे 30 मीटर, 20 बार म्हणजे 200 मीटर. पण 30 मीटरचं घड्याळ घालून पोहू नका असं सगळे सांगतात. का? सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण असं, की पोहताना हात जोरात हलतो, त्याने दाब कित्येक पटींनी वाढतो. हे खरं नाही. अकरावीला मी द्रवांचं प्रकरण शिकवते, तेव्हा हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घेते. हाताचा वेग सेकंदाला 3 मीटर धरा. घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं 4500 पास्कल. म्हणजे जेमतेम 46 सेंटीमीटर पाण्याइतका जादा दाब. एवढ्याने 30 मीटरचं घड्याळ फुटायचं कारण नाही.

खरं कारण वेगळं आहे. 30 मीटरचा आकडा ज्या चाचणीतून येतो ती नव्या कोऱ्या घड्याळावर झालेली असते, नव्या रबरावर, ठरावीक तापमानाच्या स्थिर पाण्यात, थोड्या वेळासाठी. पुढे रबर कडक होतं. गरम पाणी आणि साबण त्याला खातात. कुणीतरी चावी अर्धवट बाहेर ठेवतं. कुणीतरी झाकण अंगठ्याने दाबून बंद करतं. 200 मीटरचं घड्याळ घ्यायचं ते 200 मीटर खाली जाण्यासाठी नव्हे, हे सगळं घडूनसुद्धा आत पाणी जाऊ नये एवढी राखीव ताकद हवी म्हणून.

आणि त्या 200 मीटरमध्येही फरक आहे. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट 200 मीटर’ लिहिलेलं असतं ते एक, आणि तबकडीवर ‘डायव्हर्स 200 मीटर’ असं लिहिलेलं असतं ते दुसरं. ‘डायव्हर्स’ हा शब्द आयएसओ 6425 या आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे. त्यात प्रत्येक घड्याळ वेगळं तपासतात, नमुन्यापुरतं एखादं नाही. लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब देतात, म्हणजे 200 मीटरच्या घड्याळाला 250 मीटरचा. घड्याळ मिठाच्या पाण्यात 24 तास ठेवून बघतात. पूर्ण अंधारात 25 सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. आणि एक चाचणी वाचून मी थांबलेच. घड्याळ 40 ते 45 अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा आणि आतून वाफ धरते का बघायची. आमच्या घरी दर जूनला जे आपोआप व्हायचं ते कुणीतरी चाचणी म्हणून लिहून ठेवलंय. मी आता दर मे महिन्यात ही घरी करते. घड्याळ दुपारी उन्हात ठेवायचं आणि मग काचेवर बर्फाचा खडा. पावसाआधीच कळतं.

ही घड्याळं आजच्या रूपात आली 1953 साली. ब्लांपां या स्विस घड्याळ कंपनीचे प्रमुख झां-जाक फिएश्तेर स्वतः पाण्यात उतरायचे. एकदा वेळेचं भान सुटून हवा संपत आली, जिवावर बेतलं. त्याच सुमाराला पाण्याखाली उतरणाऱ्या फ्रेंच सैनिकांना, रोबेर मालुबिए यांच्या तुकडीला, असंच घड्याळ हवं होतं. त्यातून जे झालं त्याचं नाव ‘फिफ्टी फॅदम्स’. रोलेक्सचं सबमरिनरही त्याच वर्षीचं. फॅदम म्हणजे आपली वाव, दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. बाबा अजूनही नदीची खोली वावेतच सांगतात. पन्नास वाव म्हणजे 91 मीटर. मी हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, मांडवीत पन्नास वाव पाणी कुठेच नाही.

मग शोध सुरू झाला, आणि पहिली अडचण आली ती मापाची. डायव्ह वॉच म्हटलं की बहुतेक 42, 44 मिलिमीटर. माझं मनगट 15 सेंटीमीटर. अठरा जून रस्त्यावरच्या दुकानात सिटिझनचं 44 मिलिमीटरचं प्रोमास्टर हातावर ठेवलं, तर पट्टा बसवायची टोकं, ज्यांना लग म्हणतात ती, दोन्ही बाजूंनी हाताच्या बाहेर. वाकून पुस्तक उचललं तर घड्याळ कोपराकडे सरकलं. कॅसिओच्या ड्युरोचं तेच. ते घड्याळ मला फार आवडलं, क्वार्ट्झ म्हणजे बॅटरीवर चालणारं, 200 मीटर, त्यामानाने स्वस्त, तबकडीवर माशाचं चित्र. पण तेही 44.

घरी येऊन मी जुन्या प्रात्यक्षिक वहीच्या पुठ्ठ्याचे गोल कापले. 36, 38, 40, 42, 44. वरखाली लगसाठी छोटी टोकं ठेवली, रबरबँडने एकेक हातावर बांधला आणि प्रत्येक अर्धा दिवस वापरला. भात उपसला, स्कूटर चालवली, मुठीने दार ठोकलं. 40 च्या पुढचा प्रत्येक पुठ्ठा मनगट वाकवलं की हाताच्या पाठीत रुतला. तेव्हा समजलं की व्यास नुसता डोळ्याला दिसतो, हाताला लागतं ते लगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. तुमच्या मनगटाची वरची सपाट रुंदी पट्टीने मोजा. माझी 48 भरली. घड्याळाचं हे अंतर त्याहून दोन-तीन मिलिमीटर कमी असेल तरच रोज घालवेल. कुणाचंही मनगट बारीक असो, पुरुषाचं असो, बाईचं असो, हे आधी करा. दुकानात पाच मिनिटं घालून काही कळत नाही.

दुसरी गोष्ट चावी. माझे मामा तारवटी, जहाजावर होते. त्यांनी आणलेलं सिको फाइव्ह घरात सगळ्यांच्या कौतुकाचं. म्हणून मी आताचं सिको फाइव्ह स्पोर्ट्सही बघितलं. दिसायला हुबेहूब पाणबुड्यांचं, फिरतं कडंही आहे. पण ते 100 मीटरचं आहे आणि चावी स्क्रूची नाही, ओढून दाबायची. पोहायला चालेल. मला मात्र स्क्रूचीच हवी होती, कारण पिशवीत, स्कूटरच्या डिकीत, मुलांच्या वह्यांच्या गठ्ठ्यात साधी चावी अडकून कधी बाहेर येते कळत नाही. स्क्रूच्या चावीला एक सवय लावून घ्यावी लागते. बंद करताना आधी किंचित उलटी फिरवायची. आट्याला आटा बसला की बोटाला अगदी बारीक ‘टक्’ लागतं. मग सुलटी, हलक्या हाताने. एकदम सुलटी दाबत गेलात तर आटे कापले जातात, आणि मग 200 मीटरही गेले आणि 20 ही.

काचेबाबत मी अजूनही थोडी हळहळते. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठिणता मोसच्या मापावर 7. साधी मिनरल काच 5 ते 6. म्हणजे वाळू काचेला ओरखडणारच. सफायर 9, त्याला वाळू काही करू शकत नाही. ओरिएंटच्या कामासूला सफायर आहे, 200 मीटर आहे, पट्ट्यासकट सुबक आहे. 41.8 मिलिमीटर. पुठ्ठ्याने आधीच नाही म्हटलेलं. पोलादाचं सांगायचं तर बहुतेक चांगल्या घड्याळांत 316 एल असतं, त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळेच ते खाऱ्या हवेत टिकतं. आमच्या खिडक्यांचे गज पाच वर्षांत सोलून निघतात, तेव्हा याची किंमत कळते.

शेवटी घेतलं ते सिटिझनचंच, प्रोमास्टरमधलं लहान, 37 मिलिमीटरच्या आसपासचं, काळ्या तबकडीचं. काच मिनरल. ती कमतरता मी समजून-उमजून पत्करली, कारण ते उजेडावर चालतं. तबकडीच्या खाली सौर पट्टी आहे, खिडकीतल्या उजेडावरही ते चार्ज होतं आणि एकदा पूर्ण भरलं की अंधारातही काही महिने चालतं. दर दोन-तीन वर्षांनी बॅटरीसाठी पाठ उघडायची नाही. माझं आधीचं घड्याळ पाण्याने गेलं असं मी म्हणते, पण खरं तर ते पाठ उघडल्यामुळे गेलं. जे झाकण उघडावंच लागत नाही त्याची रिंग बिघडवणार कोण? हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या स्वयंचलित घड्याळाचं हृदय धडधडताना ऐकायला मलाही आवडतं. पण सुट्टीत दोन दिवस काढून ठेवलं की ते थांबतं आणि वेळ लावायला चावी पुन्हा उघडावी लागते. जितकी कमी उघडझाक तितकं बरं.

पट्ट्याचं पटकन सांगते. गोव्यात कातडी पट्टा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बुरशीने पांढरा होतो, विचारच नको. नायलॉनचा वाळत नाही आणि वास येतो. पोलादी छान, पण दुपारी उकाड्याने हात फुगतो आणि संध्याकाळी सैल पडतो. मी रबराचा ठेवलाय, दर रविवारी जुन्या टूथब्रशने घासते. बांगड्या उजव्या हातात, घड्याळ डाव्या. एकाच हातात ठेवलं तर पोलाद सोन्याला खातं.

आणि समुद्रातून आलं की घड्याळ गोड्या पाण्यात. नुसतं धुवायचं नाही, नळाखाली धरून कडं दोन-तीन वेळा पूर्ण फिरवायचं. आधी करकर ऐकू येते, ते वाळूचे आणि मिठाचे कण. आवाज साफ ‘टिक टिक’ झाला की बास.

या कड्याबद्दल, बेझलबद्दल, मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण घेताना मी त्याला शोभेचं समजत होते. आता दिवसातून सहा-सात वेळा ते फिरवते. त्यावर शून्यापाशी त्रिकोण असतो. काम सुरू करताना तो मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग काटा कड्यावरच्या ज्या आकड्यावर असेल तितकी मिनिटं झाली. वजाबाकी नाही, फोन नाही, आणि हात मासळीने भरलेले असले तरी बघता येतं. उकड्या तांदळाचा भात उघड्या टोपात शिजायला घालते तेव्हा त्रिकोण लावते. धक्क्यावर पोचले आणि फेरी नुकतीच सुटलेली दिसली की लावते, किती वेळ उभी आहे ते कळतं. प्रात्यक्षिकाला मुलांच्या तुकड्या बदलायच्या असतात तेव्हा लावते. हे कडं एकाच दिशेला फिरतं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पाण्याखाली धक्का लागून सरकलंच, तर गेलेली मिनिटं जास्त दिसतात, कमी नाही. म्हणजे पाणबुड्या लवकर वर येतो, उशिरा नाही. कुठे चूक होऊ शकते हे ओळखून, ती चूकसुद्धा माणसाला वाचवेल अशा बाजूला वळवून ठेवलीय. वर्गात मी हे घड्याळ काढून मुलांच्या हातात देते. एका मुलीने विचारलं, “टीचर, ही मुलग्यांची घड्याळं ना?” मी म्हटलं, फिरवून बघ. तिने तास संपेपर्यंत परत दिलं नाही.

अंधारातला उजेडही असाच. पहिल्या वादळी पावसात चोडणला वीज जाते, कधी रात्रभर. मध्यरात्री जाग येते, फोन बंद पडलेला असतो आणि मनगटावर हिरवट काटे स्पष्ट दिसतात.

गेल्या डिसेंबरात मी ते खरोखर पाण्याखाली नेलं. ग्रांदे बेटापाशी, शिकाऊ लोकांना नेतात तसं, शिक्षकाचा हात धरून. आपल्याकडचं पाणी गढूळ, चार-पाच हातांपलीकडे सगळं हिरवं. शिक्षकाच्या हातावर डायव्ह कॉम्प्युटर होता. आता सगळे त्यावरच विसंबतात आणि तेच योग्य आहे. पण मी उतरताना त्रिकोण लावला होता. खाली माझ्या गळ्यातल्या लाल दोऱ्याकडे नजर गेली तर तो तपकिरी, जवळजवळ काळा. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, दरवर्षी शिकवते मी हे. घड्याळाचे पांढरे काटे मात्र जसेच्या तसे. 22 मिनिटं. वर आल्यावर मी पहिल्यांदा काच बघितली, सहाच्या आकड्यापाशी. स्वच्छ.

घरी आले ती मिठाने खारलेली. बाबा सोप्यावर बसले होते. घड्याळ धुऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानाला लावलं, मग डोळ्याजवळ धरून काच तिरकी करून बघितली.

“हातूंत उदक भितर सरना मूं?”

म्हटलं, नाही जात पाणी आत. त्यांनी कडं फिरवलं, थांबले, परत फिरवलं. कशासाठी असतं ते सांगितलं. मग ते उठले आणि घड्याळ घेऊनच खाजनाकडे, नदीकाठच्या बांध घातलेल्या शेताकडे निघाले, मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी. भरतीचं पाणी चढलं की मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात. मी ओले कपडे वाळत घालून मागून गेले तर ते बांधावर उकिडवे बसलेले. दारं मिटली होती. भरती पूर्ण झाल्यावर पाणी परत फिरण्याआधी थोडा वेळ जागच्या जागी उभं राहतं, बार्जवर असताना तेवढ्या वेळात त्यांना वळण घ्यावं लागायचं. पाण्यावर एक वाळलेलं पान होतं, बाबा त्याच्याकडे बघत होते आणि अंगठा कड्यावर होता.

पान हळूच नदीकडे सरकलं.

“सतरा,” बाबा म्हणाले, आणि त्रिकोण पुन्हा काट्यासमोर आणला.